पुढच्या दारातल्या चपला

"चपला मोजल्यात तुम्ही?"

"मोजल्या म्हणजे, अंदाज यावा म्हणून."

"अंदाज कसला? रिपोर्टमध्ये टाईप झालंय. एकूण लोकसंख्या एकशे बारा. आणि हे एकशे बारा आले कुठून, तर चपलांतून."

"दोनशे चोवीस चपला, भागिले दोन. ह्यात गणित कुठे चुकलं ते दाखव."

"गणित नाही चुकलं. माणसं चुकली. तुम्ही घरात जाऊन विचारायचं होतं."

"विचारलं ना. मुद्दाम शुक्रवारी गेलो, पुरुष सुट्टीवर असतात म्हणून. तुमच्या घरात माणसं किती, असं विचारलं की म्हणायचे, अल्लाहची बरकत आहे. आणि कॉफी. पुढच्या घरी पुन्हा बरकत, पुन्हा कॉफी. सहाव्या घरापर्यंत माझे हात थरथरायला लागले, अनु. मग दारापुढे चपला दिसल्या, त्या मोजल्या."

"कुठल्या दारापुढे?"

"कुठल्या म्हणजे? दारापुढे."

"पुढच्या की मागच्या?"

"मागच्या दारात कोण चपला काढतं?"

अनुपमाने पोळपाटावरची पोळी तशीच अर्धी ठेवली आणि ती नवऱ्याकडे वळली. "बायका काढतात. इथे बायका मागच्या दाराने येतात-जातात. पुढचं दार पुरुषांचं आणि पाहुण्यांचं. सहा वर्षं झाली आपल्याला ह्या देशात, हेमचंद्र साहेब. आणि पोरं? ह्या खोऱ्यातल्या एका तरी पोराच्या पायात कधी चप्पल बघितलीत?"

हेमचंद्रचे ओठ हलायला लागले. आकडेमोड चुकली की तो असाच ओठांतल्या ओठांत पुन्हा बेरीज करायचा.

"म्हणजे बायका गेल्या आणि पोरं गेली," अनुपमा म्हणाली. "राहिले कोण? म्हातारे, शहरातून सुट्टीवर आलेले पोलीस आणि त्या दिवशी कॉफी प्यायला आलेले पाहुणे. तुमच्यासकट."

"माझी चप्पल नाही मोजली."

"फार उपकार झाले."

ह्या भांडणामागे काय होतं ते सांगायला हवं. अमिरातीतल्या डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला, ओमानच्या सरहद्दीला खेटून, वादी शुहैर नावाचं एक खोरं आहे. मधून कोरडी नदी, दोन्ही काठांना खजुराच्या बागा, बागांतून फिरणारा पाण्याचा दगडी पाट आणि वरच्या टप्प्यावर चाळीसेक घरं. शहराकडे जाणारा कच्चा रस्ता ही नदी सात-आठ वेळा ओलांडतो. पाऊस वर्षातून चार-पाच दिवस पडतो, पण पडला की रस्ता नदीत जातो आणि खोरं जगापासून तुटतं. तिथे दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा शहरातून येत. बाकीचे पाच दिवस म्हणजे सिस्टर अनुपमा.

ती मूळची मिरजेची. नर्सिंग तिथेच झालं. हेमचंद्र पुण्याचा, सिव्हिलचा डिप्लोमावाला, ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला. एकोणनव्वद साली दोघं लहानग्या केयाला घेऊन दुबईला आली आणि बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, सुजाता नावाच्या एका नागपूरच्या बाईंच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहिली. एकच स्वयंपाकघर, दोन संसार, आणि सकाळी कुकरसाठी नंबर. खोऱ्यातल्या दवाखान्याची जागा निघाली तेव्हा कोणीच जायला तयार नव्हतं. केरळच्या दोन सिस्टर येऊन, बघून, त्याच गाडीने परत गेल्या होत्या. अनुपमा आली आणि राहिली. पहिल्या रात्री तिने सुजाताला फोनवर काय सांगितलं असेल, तर, "अगं, इथे स्वयंपाकघर माझं एकटीचं आहे."

पुढे हेमचंद्रच्या कंपनीला ह्याच भागाच्या पाहणीचं काम मिळालं आणि तोही इथेच राहायला आला. नगरपालिकेला खोऱ्याखोऱ्यांचे अहवाल हवे होते, भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या असे तीन भाग. वादी शुहैरचा अहवाल त्याने मनापासून लिहिला होता. भूगोल चाळीस पानं. कुठली टेकडी किती उंच, पाटाला उतार कसा दिलाय, पाणी कुठल्या बागेला कुठल्या प्रहरी सोडतात, सगळं नकाशांसकट. इतिहास अडीच पानं, कारण तो ज्या म्हाताऱ्याने सांगितला त्याला मध्येच झोप लागली. आणि लोकसंख्या एक ओळ.

त्या एका ओळीवर दवाखाना टांगला होता. दोनशेपेक्षा कमी वस्ती असेल तिथला दवाखाना शहरातल्या मोठ्या दवाखान्याला जोडायचा, असं नगरपालिकेत ठरत होतं. डॉक्टरीणबाईंनीच अनुपमाला ते सांगितलं, तेही गाडीत बसता बसता. "बंद म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या, "जोडायचा म्हणतात. ऐकायला बरं वाटतं."

गेल्या फेब्रुवारीत पूर आला तेव्हा खोऱ्यातली एक बाळंतीण दोन दिवस अडली होती. शहरातली गाडी पहिल्याच ओढ्यापाशी थांबून राहिली. तिचा मुलगा ह्या दोन खोल्यांत जन्मला, अनुपमाच्या हातांवर, आणि तिच्या हातात तेव्हा कात्री, टॉर्च आणि थोडासा धीर एवढंच होतं. दवाखाना जोडला की पुढच्या पुरात तो धीरसुद्धा चाळीस किलोमीटर लांब जाणार होता.

पण त्या संध्याकाळी तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"कमी आकडा तुमच्या सोयीचाच आहे म्हणा. दवाखाना गेला की दुबई. केयाला मोठी शाळा, तुम्हाला ऑफिसात एसी."

"हे तू बोलायला नको होतंस," हेमचंद्र म्हणाला.

केया आठ वर्षांची. ती टेबलाशी गृहपाठ करत होती. "कॅन यू बोथ फाईट इन द अदर रूम? आय हॅव डिक्टेशन," ती मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून अनुपमा स्वतः घरोघर निघाली. मागच्या दारांनी. तिला कोण अडवणार? ह्या सगळ्या घरांत तिने ताप मोजले होते, टाके घातले होते. बायका चटई अंथरायच्या, खजूर पुढे करायच्या, सासूचे गुडघे दाखवायच्या. ती मोजायचं म्हणाली की मात्र दार कुठूनतरी बंद व्हायचं.

उम्म राशिद खोऱ्यातली सगळ्यात मोठी बाई. तिला वय विचारलं तर ती पाटाला पहिल्यांदा सिमेंट कधी लागलं ते सांगायची. अरबीत प नाही, त्यामुळे अनुपमाची ती अनुबमा करायची.

"तुझ्याकडे नातवंडं किती, उम्म राशिद?"

"अल्लाहची बरकत आहे."

"हो, पण बरकत किती?"

"तू जेवलीस का, अनुबमा?"

"जेवले. मोठ्या मुलाची किती, ते तरी सांग."

"भात खाऊन निघाली असशील. भाताने काय होतं? बस, रोटी आणते."

"मी नगरपालिकेसाठी विचारतेय. दवाखान्यासाठी."

म्हातारीने खजुराची बी तळहातावर काढून ठेवली. "पोरं मोजायची नसतात. मोजलेलं कमी होतं. हे तुझ्या आईने तुला शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. मिरजेच्या घरी सणाला माणसं जमली की आई कधी माणसं मोजत नसे. पोरांवर बोट फिरवून कोणी एक, दोन, तीन म्हणायला लागलं तर हातावर चापट बसायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची ते एवढंच, "पानं किती मांडायची गं?" पानं पंचवीस मांडली तर पंचवीस पानं. माणसं किती हा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नाही, आणि उपाशीही कोणी राहिलं नाही.

ती घरी आली. हेमचंद्र नकाशा पसरून बसला होता. सकाळपासून दोघं एकमेकांशी केयामार्फत बोलत होती.

"केया, बाबांना विचार, संक्रांतीचे तीळ कधी आणणार?"

"बाबा, तीळ व्हेन?"

"आईला सांग, उद्या दुबईला मीटिंग आहे. किती आणू?"

"खूप," अनुपमा थेट त्यालाच म्हणाली. "पंधरा तारखेला पोरं येणार आहेत."

हेमचंद्रने मान वर केली. पंधराची संध्याकाळ म्हणजे हक अल-लैला, हे त्यालाही ठाऊक होतं. रमजानच्या आधी पंधरा दिवस, शाबान महिन्याच्या मध्याला, खोऱ्यातली सगळी पोरं गळ्यात कापडी पिशव्या अडकवून गात गात दारोदार फिरतात आणि प्रत्येक घरातून बदाम, पिस्ते, गोळ्या वसूल करतात. त्या वर्षी, पंच्याण्णव साली, संक्रांत चौदाला आणि ही रात्र पंधराला आली होती.

"पोरं मोजायची नाहीत," ती म्हणाली. "लाडू मोजायचे. किती पानं मांडली तेवढंच बघायचं."

हेमचंद्रने नकाशा बाजूला सारला. "आणि जे दारात येत नाहीत ते? म्हाताऱ्या, तान्ही पोरं?"

"त्यांचे लाडू पोरांच्या हाती पाठवायचे."

"हे त्यांना न सांगता करायचं?"

"नाही," अनुपमा म्हणाली. "उम्म राशिदला सांगून."

म्हातारीला तिने सगळं सांगितलं, नगरपालिकेची दोनशेची अट, आईची पानं, तिळाचे लाडू. उम्म राशिद ऐकत राहिली आणि मग बुरख्याआड तिचे खांदे हलायला लागले. "लाडू मोज," ती हसू आवरून म्हणाली. "लाडू तुझे आहेत. त्याला अल्लाहची काय हरकत?"

दोघांनी मिळून लाडू वळले. तीळ बारा दिरहम किलो, म्हणजे शंभर रुपये, ह्या भावात आमच्याकडे पोतं येईल, असं हेमचंद्र किमान तीनदा म्हणाला. गुळाचा पाक त्याच्या हाती दिला हीच चूक झाली. पहिल्या घाण्याचे लाडू असे झाले की केयाने एक टेबलावर आपटून बघितला आणि टेबलाला पोचा आला.

"बाबा, दीज आर वेपन्स."

"पाक जरा पुढे गेला," हेमचंद्र म्हणाला. "पण एकसारखे झालेत की नाही बघ."

एकसारखे झाले होते हे खरं. ड्राफ्ट्समनचा हात होता. तो एकेक लाडू डब्यात रचत होता, एका डब्यात साठ, असे चार डबे. संक्रांतीच्या दिवशी त्याने पहिल्या डब्यातला एक काढून अनुपमापुढे धरला. तिने तो घेतला आणि खाल्ला. बराच वेळ खाल्ला. एकेक लाडू तिघांनी घेतला आणि त्याने तेवढे पुन्हा वळून भरले, कारण साठ म्हणजे साठ.

पंधराला, ऊन खाली उतरल्यावर, दवाखान्याच्या पायरीवर हेमचंद्र चार डबे घेऊन बसला. अनुपमा दारात उभी. पोरं आली ती खोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी, भरजरी टोप्या आणि चमकीचे झगे घालून, पायांत काही नाही. पन्नासेक असतील असं वाटलं, मग बागांच्या मागून आणखी आली. हेमचंद्र उठून उभाच राहिला.

"एवढी होती कुठे ही?" तो पुटपुटला.

"मागच्या दारात," अनुपमा म्हणाली.

रांग वगैरे कोणी लावली नाही. हात पुढे आले. लाडू देताना केया प्रत्येकाला "तिळगूळ" म्हणायला लावत होती आणि पोरं "दिलगूल" म्हणून पळत होती. मग दुसरी फेरी सुरू झाली, घरच्यांसाठी. इथे हेमचंद्रमधला अधिकारी जागा झाला.

"हा कोणासाठी?"

"आजीसाठी."

"आजीला दात आहेत?"

"चोखेल."

"बरं. हा?"

"बाळासाठी."

"बाळ केवढं आहे?"

पोरीने हाताने एवढंसं दाखवलं. हेमचंद्रने लाडू दिला. ती जागची हलेना.

"आता कोणासाठी?"

"अली. माझा भाऊ."

"तो कुठाय?"

"लष्करात. अबू धाबीला."

"मग तो इथे नाही. जे इथे नाहीत त्यांना नाही. नियम आहे."

"त्याची खाट इथे आहे."

"खाट असली तरी—"

"त्याची बकरी पण इथे आहे. गुरुवारी येतो. तुम्ही त्याच्या खाटेवर बसून कॉफी प्यालात."

मागून कोणीतरी बाई हसली. मागच्या वाटेवर आयाबाया येऊन उभ्या होत्या, हेमचंद्रला दिसणार नाहीत अशा, पण ऐकू येतील अशा. तो वळला नाही. त्याने डब्यातून एक लाडू काढला, क्षणभर हातात तोलला आणि पोरीच्या पिशवीत टाकला. "अलीला सांग, हळू चाव."

त्यानंतर त्याने कोणालाच कोणासाठी म्हणून विचारलं नाही. चौथा डबा उघडला तेव्हा त्याने एकदा अनुपमाकडे बघून घेतलं. डबा रिकामा झाला तेव्हा अजून हात पुढे होते. उरलेल्यांना केयाच्या चॉकलेटचं पाकीट फोडून वाटलं, तिचा विरोध डावलून. उजेड गेला, पोरं पांगली आणि हेमचंद्र रिकामे डबे एकात एक घालत पायरीवर बसून राहिला.

"चार डबे," तो म्हणाला. "वर चॉकलेटं."

अनुपमा त्याच्या शेजारी टेकली. दिवसभर तिने पाठ टेकली नव्हती. "मी त्या दिवशी बोलले ते," ती म्हणाली, "ते सोयीचं वगैरे."

"राहू दे."

"नाही, पण—"

"राहू दे म्हटलं ना. माझ्याही मनात दुबई आली होती. मोजताना नाही. मोजून झाल्यावर." त्याने झाकण लावलं. "आकडा बघून मला वाईट नव्हतं वाटलं, एवढंच. म्हणून पुन्हा तपासला नाही."

तिने त्याच्या बाक आलेल्या पाठीवर हात ठेवला.

दोन दिवसांनी हेमचंद्र शहरात नगरपालिकेत गेला. तिथले मुख्य इंजिनिअर ह्याच भागातले, डोंगरापलीकडच्या गावचे. सगळे त्यांना मुहंदिस, म्हणजे अरबीत इंजिनिअरच, म्हणत. त्यांनी जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी ठेवले.

"एकशे बारा होते, आता अडीचशे. मधल्या पंधरा दिवसांत काय झालं? खजुराला माणसं लागली?"

"सर, पहिल्या वेळी माझी पद्धत चुकली."

"पद्धत काय होती?"

हेमचंद्रने खिडकीबाहेर बघितलं. सांगायलाच हवं होतं. "चपला मोजल्या, सर. पुढच्या दारातल्या."

मुहंदिसनी चष्मा काढला आणि ते असे हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "हबीबी," ते डोळे पुसत म्हणाले, "माझ्या आईची चप्पल मी जन्मात पुढच्या दारात पाहिली नाही. तुझ्या हिशोबाने मला आईच नाही."

"सॉरी, सर."

"आणि दुसरी पद्धत?"

"लाडू, सर."

ह्यावर मात्र ते हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाडवांवर मला सही करता येत नाही. शाळेतल्या दोन शिक्षिका पाठवतो. मागच्या दाराने जातील."

शिक्षिका गेल्या. उम्म राशिदने त्यांना रोटी खाऊ घातली आणि घरोघर निरोप धाडला की ह्या बायका विचारतील, त्यांना खाटा सांगा. बायकांनी खाटा सांगितल्या, पाळणे सांगितले. आकडा दोनशेच्या बराच वर गेला.

रमजानच्या आदल्या गुरुवारी हेमचंद्र शहरातून परतला तो हॉर्न वाजवतच. अनुपमा दवाखान्यात बाटल्या उकळत होती.

"खलास," तो दारातूनच म्हणाला. "राहिला दवाखाना. मुहंदिसनी माझ्यासमोर सही केली. वर एक ॲम्ब्युलन्सही इथेच ठेवणार, पुरासाठी."

अनुपमाने गॅस बंद केला. ती तपासणीच्या खाटेवर बसली आणि डोक्यावरची पांढरी टोपी काढून तिने मांडीवर ठेवली. तिचे खांदे सावकाश खाली आले. कधीपासून ते वर धरून ठेवले होते हे तिलाही आत्ता कळत होतं. "चहा कर ना," ती म्हणाली. "आज तूच कर." लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि ती त्याला पहिल्यांदाच तू म्हणाली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं.

त्याने चहा केला. गोड, पुण्याचा. दोघं खिडकीपाशी बसून प्याली. बाहेर पाटाचं पाणी ज्या बागेत सोडायचं त्या बागेत कोणीतरी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. केया दवाखान्याच्या भिंतीवर चढून उम्म राशिदच्या नातींशी अरबीत भांडत होती, आणि वरचढ ठरत होती.

"मला बरं वाटतंय," हेमचंद्र म्हणाला. "खोटं नाही सांगत. पुढच्या वर्षी केयाला काय करायचं ते बघू. रोज शहरातल्या शाळेत सोडीन मी. रस्त्याचा नकाशा माझाच आहे."

"हं."

"फक्त एक सांग मला, अनु. अगदी खरं." त्याने कप खाली ठेवला. "तुला इथे राहायचंच होतं, की मी चुकलो हे दाखवायचं होतं?"

तेवढ्यात बाहेर पिकअप थांबली. कोणीतरी "सिस्टर, यल्ला, सिस्टर," अशी हाक मारली आणि मागे एका बाईचा कण्हण्याचा आवाज आला. अनुपमाने टोपी डोक्यावर चढवली, टेबलावरची बॅग उचलली आणि ती बाहेर गेली.